बूट घालतानाचं गाणं

४ जून
आज सकाळी देवापुढे दिवा लावला, हिची बाजाची पेटी कपाटावरून खाली काढली, धूळ पुसली आणि हिच्या बालवर्गावर गेलो. हिला जाऊन अजून वर्षही झालं नाही. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, नवी शिक्षिका मिळेपर्यंत या. मी नुसता हसलो. आता कोणाला शोधायची गरज पडणार नाही.
ही अंदाजाने शिकवायची. माझा मात्र लोकप्रिय गाण्यांच्या इतिहासाचा अभ्यास, तोही वर्षानुवर्षं, कानात इअरफोन घालून. संकल्प : आधी तबकडी, मग रेडिओ, मग कॅसेट. तोवर कोणी गायचं नाही.

५ जून
जुनी गाणी तीन मिनिटांचीच का, ते सांगितलं. तबकडीची एक बाजू तेवढीच. एका मुलीला शू लागली. मग सगळ्या वर्गाला लागली. विषय पोचतोय.

११ जून
सुटीच्या वेळी मुलं बाईंचं, म्हणजे हिचं, गाणं मागतात. बूट घालतानाचं. विचारलं, गीतकार कोण? रेकॉर्ड कुठली? म्हणाली, बाईंचं. पुरावा शून्य. नाही म्हणालो. सगळे जिला चिमणी म्हणतात ती म्हणे, गाण्याशिवाय बूट जातच नाही. आजी न्यायला येईपर्यंत अनवाणी बसून राहिली. हट्टी कार्टी.

१९ जून
मोठ्या बाई म्हणाल्या, पूर्वी या वर्गाचा आवाज माझ्या खोलीपर्यंत यायचा, हल्ली काहीच येत नाही. माझ्या शिस्तीचं इतकं मोकळं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं.

२५ जून
लेकीचा फोन. बाबा, चार वर्षांची पोरं आहेत ती, एम.ए.ला नाहीत बसलेली! आईचं गाणं म्हणा की. भांडी घासताना रोज म्हणायची, तुमच्या पाठीमागेच. म्हटलं, मला न यायला काय झालं? फोन ठेवून पेटीपुढे बसलो. येईना. पेटी बिघडलीय, दुसरं काय.

२८ जून
पेटीवाला म्हणाला, काका, पेटी ठणठणीत आहे, वाजवणाऱ्याचं बघा. आगाऊ माणूस.
मधली एक पट्टी हिच्या बोटाने झिजून खोलगट झाली आहे. तिथून सुरुवात करून पाहिली. दुनियेची गाणी निघाली. हिचं सोडून.

२ जुलै
ठरलं. उद्या मुलांनाच विचारायचं.

३ जुलै
नाही विचारलं. शिक्षकाने विचारणं बरं दिसत नाही.

९ जुलै
विचारणारच होतो, पण घसा खवखवत होता. देवाला सांगून ठेवलंय, या आठवड्यात नक्की.

१२ जुलै
विचारलं. सुटीच्या वेळी सतरंजीवर बसलो, माझे बूट पुढे ठेवले आणि म्हणालो, जात नाहीत. केवळ संशोधनासाठी. स्वरलेखन करायला पेन्सिल खिशात होती. चिमणीने उजवा बूट माझ्या डाव्या पायात कोंबला आणि सगळी गायला लागली :
एक बूट इथे आला, दुसरा कुठे गेला?
घरी बसलाय एक जण, कानात बोळा घातलेला!
हाक मारा, हाक मारा, अहोऽऽ!
खिडकीची तावदानं थरथरली. मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. चिमणीने मला समजावलं, इथे बाई थांबायच्या, कानाला हात लावून बघायच्या, मग म्हणायच्या, नाही ऐकलं, पुन्हा एकदा.
मुलं पुन्हा ओरडली, अहोऽऽ!
पेन्सिल खिशातच राहिली. मी ओ दिली.