गळ्याखालची झडप आणि सर्जनबाईंचं बेसिन

ती. ताईस, धाकट्याचा दंडवत (लांबूनच, कारण जवळ आलो तर हातात असेल ते फेकून मारशील).

सहा महिने तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. तुझ्या घरी अर्ध्या जेवणातून न बोलता उठून गेलो, त्याचा राग अजून आहे हे कळतं. असो. गुडघे कसे आहेत? भावोजींचं घोरणं अजून भिंतीपलीकडे ऐकू जातं का? मी मजेत आहे. (मजेत म्हणजे अकरा किलो उतरलोय, पट्ट्याला खिळ्याने तीन नवी भोकं पाडलीत, आणि परवा बायकोने मला पाठमोरा पाहून कोण हवंय म्हणून विचारलं. बाकी मजेत.)

तर झालंय असं की वर्षभर घास खाली उतरत नाही. छातीच्या मध्यावर येतो आणि ठाण मांडून बसतो. वरून पाणी प्यावं तर तेही त्याच्या शेजारी बसतं. तीस वर्षं लोकांचे तुंबलेले पाइप मोकळे करणाऱ्या प्लंबरचाच पाइप तुंबला, हे ऐकून आमच्या धंद्यातला एक जण इतका हसला की हातातला पान्हा त्याच्याच पायावर पडला. (बरं झालं.) पण सर्जनबाईंनी नळ्या घालून, फोटो काढून सांगितलं की तुंबलेलं काहीच नाही. अन्ननलिकेच्या तळाशी एक झडप असते, घास आला की ती उघडायला हवी, आणि माझी उघडतच नाही. वरची नळीसुद्धा घास ढकलायचं विसरलीये, ती काही आता शिकायची नाही. झडप तेवढी सैल करता येते. ती कशी, यावर आमचं वाजलं.

इंजेक्शन असतं, पण त्याचा असर काही महिन्यांत उतरतो. फुगा घालून झडप ताणता येते, पण कधीकधी पुन्हा ताणावी लागते. मग उरलं कापणं. एक तर तोंडातून दुर्बीण घालून झडपेचा स्नायू आतल्या आत कापायचा, बाहेर एक टाका नाही. नाहीतर पोटाला चार-पाच बारीक भोकं पाडून तोच स्नायू बाहेरून कापायचा, आणि वर जठराची एक घडी घालून ठेवायची, म्हणजे आंबट पाणी उलटं वर येत नाही. बाईंचं मत पोटाचं. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, तोंडातून! वाट असताना भिंत फोडणारा प्लंबर मी नव्हे. बाई म्हणाल्या, तसंही करतात, चांगलं होतं, पण मग आंबट वर येण्याचा त्रास जास्त. मी म्हटलं, तुम्हाला पाइपातलं काय कळतं?

आता त्यांच्याच खोलीतलं बेसिन तीन आठवडे तुंबलेलं होतं, यात माझा काय दोष? मी म्हटलं थांबा, करूनच दाखवतो. (पिशवी माझ्याबरोबर असतेच, तुला माहीत आहे.) फरशीला हात न लावता वरून तार घातली, दोन पीळ दिले, आणि पाणी गिरक्या घेत खाली गेलं. नर्सने टाळी वाजवली. मी कमरेवर हात ठेवून भाषण सुरू केलं, तेवढ्यात शेजारच्या खोलीतल्या दातांच्या डॉक्टरांनी त्यांच्या भरलेल्या बेसिनचं बूच काढलं. पुढची दोघांची मोठी लाइन एकच, तीही गाळाने अर्धी भरलेली, आणि इतके दिवस जो गाळ उलटं पाणी अडवत होता तो मीच काढलेला. त्यांच्या पेशंटने भरलेल्या सगळ्या चुळा फेसासकट आमच्या बेसिनातून वर आल्या. माझ्या चपला, बाईंचे बूट आणि माझी रिपोर्टची फाइल, कोणी सुटलं नाही.

बाई खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या आणि शांतपणे विचारलं, "हे उलटं येऊ नये म्हणून तुमच्यात काय करतात?"

म्हटलं, "अडवणारी झडप बसवतात."

"कशी?"

"भिंत फोडून," म्हणालो आणि मुकाट्याने पोटाच्या ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

गुरुवारी ऑपरेशन आहे. बाई म्हणाल्या, घाबरू नका, आमचं रोजचंच काम आहे. ताई, हेच वाक्य मी तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय, आणि सांगताना पाणी कुठून बंद करायचं तो मेन नळ आधी शोधत असतो. मला भीती वाटते गं.

तुझा,
धाकटा

ता. क. काळजी करू नकोस. येण्याची अजिबात गरज नाही.

ता. क. २. गुरुवारी सकाळी सातला, दवाखान्याच्या मागच्या दाराने ये (पुढच्या दाराशी ते दातांचे डॉक्टर मला शोधत असतात). लहानपणी तू नाक दाबल्याशिवाय मी औषध घेत नसे. तू आल्याशिवाय टेबलावर चढणार नाही, असं मी बाईंना लिहून दिलंय.

ता. क. ३. त्या दिवशी उठलो ते स्वयंपाक आवडला नाही म्हणून नव्हे. घास अडकला होता आणि बारा माणसांदेखत परत येणार होता. जेमतेम तुझ्या जिन्यातल्या कुंडीपर्यंत पोचलो; तो गुलाब किडीने मेला नाही, ताई. सांगायची लाज वाटली, ती सहा महिने वाटत राहिली. ऑपरेशननंतर आधी पातळच देणार आहेत. पहिली वाटी सूप तुझ्या हातचं हवं.

ता. क. ४. मीठ मात्र बेताने घाल. त्या दिवशी खरंच जास्त झालं होतं.