अॅम्बेसिडरचं इंजिन उतरवलं तेव्हा

बाबा, तुमच्या अॅम्बेसिडरचं इंजिन मी उतरवलं. आधी सगळं ऐकून घ्या, मग काय ओरडायचं ते ओरडा. तुम्ही गेल्यापासून गाडी गडचिरोलीच्या घरामागे उभी होती, इंजिन जाम. कितीजण म्हणाले, दुसरं टाक. पण "इंजिन बदललं का गाडी लोकाची झाली" हे तुमचं बोलणं मी वेदवाक्य धरून बसले, आणि आई गुडघे धरत एसटीनं सावलीला माहेरी जात राहिली. आता तिला एसटीची पायरीही चढवत नाही. तिकडे मामा अंथरुणाला खिळलेला. "नेशीन त तुया बाबाच्याच गाडीत ने," म्हणाली. काय करणार?

गॅरेजवाल्या मिस्त्रीभाऊंनी अंगणात सागाच्या तीन बल्ल्यांची तिकाटी उभी केली, तिला चेनपुली टांगली. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनंच वर येतायत, झुलतायत, आणि मी बाजूला उभी राहून बघतेय. नव्या पेट्रोल इंजिनाचा गिअरबॉक्स लांब, त्याच्यासाठी खालचा पत्रा कापावा लागणार होता. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर वाकून बघणारे भाऊ हसायलाच लागले. "ताई, इथी त पयलेच कापून हाये. वेल्डिंग पाहा ना. हे डिझेल इंजिन मागून टाकलं कोनंतरी."

कोनंतरी! आपल्या फाटकाला आहे तशीच ती ओबडधोबड शिवण, तुमच्याच हातची. तशीच आत गेले. आई मेथी निवडत होती. "तुले मालूम नाई?" तिलाच नवल. "लहान होतीस. टॅक्सीले पेट्रोल परवडे नाई म्हणून त्यायनं डिझेल टाकलं. त्याचा आवाज आयकून तू रडली, आपली गाडी कुठी गेली म्हणून. चूपच होयेना. मंग त्यायनं सांगतलं, इंजिन तेच हाये, कधीच बदलणार नाई."

काय हे बाबा! म्हणजे तुमचा तो नियम फक्त माझी समजूत काढायला होता? मग इतकी वर्षं मी कुणाचं ऐकत होते? आलापल्लीहून तुम्ही परत यायचात तेव्हा ज्या आवाजाला मी फाटकाकडे धावायचे, तोच आवाज आधी मला परका वाटला होता म्हणे. मला तर काहीच आठवत नाही. तुमच्यावर चिडावं की हसावं, तेही कळेना. भाऊंना म्हटलं, कापा अजून लागेल तेवढं.

काल आईला घेऊन निघाले. वैनगंगेच्या पुलापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "या गाडीत तुया बाबासंग कधी धड बोलणंच नाई झालं. त्या डिझेलच्या आवाजात काई आयकूच नाई ये." आणि सावली येईपर्यंत बोलतच राहिली. तुमच्याबद्दल, लग्नानंतरच्या दिवसांबद्दल, तुम्ही कधीतरी धरलेल्या अबोल्याबद्दल. तेच सगळं तुम्हाला लिहावं म्हणून आज बसले.

हे कुठं पाठवायचं नाहीच, तर खरं सांगते. त्यातलं अर्धंसुद्धा मी ऐकलं नाही, बाबा. सारा वेळ माझा कान नव्या इंजिनाकडे होता.