आबांचे सव्वीस तास

आबा, तुमच्या हातचा तो कागद आठ वर्षं माझ्या वहीत आहे. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे, जाफराबादच्या स्टँडवर फळ्यावर गाड्यांच्या वेळा लिहायचात तशाच ठसठशीत आकड्यांत: टोरांटो ते मुंबई पंधरा तास, मुंबई ते जालना आठ, जालना ते जाफराबाद दोन, घाटासाठी एक जादा. एकूण सव्वीस. खाली एकच ओळ: 'लेकीसाठी इतकं थांबावं. त्यापुढं माझ्यापायी लोकांना ताटकळत ठेवू नये.'

तुम्ही एसटीत कंट्रोलर होतात आणि गाडी कुणासाठीच थांबवत नव्हतात. माझी कॉलेजची गाडी पावणेसातची. एकदा मी ओल्या वेणीनं धावत येतेय, कंडक्टर म्हणतोय, "साहेब, तुमचीच पोरगी येऊन राह्यली." तुम्ही माझ्याकडे बघता आणि म्हणता, "गाडी सगळ्यायची असती. सोड." आठवडाभर मी तुमच्याशी बोलले नाही. मग एका सकाळी उशाशी नवं मनगटी घड्याळ होतं, पाच मिनिटं पुढे लावलेलं.

छातीत दुखून गेल्यावर तुम्ही फोनवर विचारलंत, तिथून निघालीस तर किती वेळ लागतो. मी मोबाइलवर बघितलं: हवाई अंतर साडेबारा हजार किलोमीटर, वेळ पंधरा तास. किलोमीटर गाळले, तास वाचून दाखवले. विमान कुठंही न उतरता सरळ आलं तरचे ते तास होते, हे मला ठाऊक होतं. तुम्ही नेहमीसारखं विचारलंत, "मधी थांबा?"

"नाही आबा. थेट."

तुम्ही हसलात, मग चहाला कुठं उतरता म्हणालात. तुम्हाला मी जवळ वाटावी, एवढंच मनात होतं. की मलाच तसं वाटून घ्यायचं होतं? पलीकडे तुम्ही लिहून घेत होतात, हे कळलं नाही.

तुम्ही पहाटे पाचला गेलात. मिळालं त्या पहिल्या विमानात मी बसले. लंडनला पाच तास खोळंबा. तिथून धाकट्या भावाला फोन केला, मुंबईत पोचायलाच उद्या सकाळचे सात वाजतील म्हणाले. तो म्हणाला, "ताई, आबानं लिहून ठेवलंय. उद्या सातला सव्वीस तास होतेत. त्यापुढं थांबू का मंग?" पंधरा तास चुकीचे आहेत, मीच सांगितले होते, एवढं म्हणायचं होतं. मी मनगटावरच्या तुमच्या घड्याळाकडे बघत राहिले. "त्यांनी लिहिलंय तसं कर," म्हणाले.

मी घरी पोचले संध्याकाळी साडेपाचला. तुमची खाट भिंतीला उभी लावली होती.

धाकटा अजून म्हणतो, "जिंदगीभर आबाची एक गाडी चुकली न्हाई, अन् शेवटचं टाइमटेबल दहा तासांनी चुकलं." हसतो, डोळे पुसतो. मी शेजारी बसून ऐकते.

आज त्याला वाचून दाखवायचं म्हणूनच हे लिहायला घेतलं होतं. तो बाहेर ओसरीवर बसलाय. मी हाक मारली नाही.