फाळक्याची उंची

३ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं! पिकअप उंच करून घ्यायची. आणखी एक हंगाम पोट घासत काढायचा नाही.

आज टेकडीवरच्या सफरचंदाच्या बागेत जाऊन आलो. गाडी खालीच उभी केली, टेप आणि दोरी घेऊन चालत वर. वाटेतला तो खडक—गेल्या वर्षी ज्यानं डिझेलच्या टाकीखालचा पत्रा फाडला—नीट मोजून काढला. दोरी ताणून, तीन ठिकाणी. सोळा मधपेट्या भरल्यावर गाडीचं पोट तिथं सात सेंटीमीटर कमी पडतं. साडेसहा नाही, आठ नाही. सात.

बागेचे मालक कुंपणापाशी उभे राहून बघत होते. "खडक विकत घेताय की काय?" म्हटलं, नाही, नुसता ओलांडायचाय. फोडता येत नाही, त्याच्या खालून त्यांच्याच पाण्याचा पाइप गेलाय. तारीख त्यांनी पक्की सांगितली—मार्चचा तिसरा आठवडा. फूल उमलायच्या आत माश्या बागेत हव्यात. "नाही जमलं तर आधी सांगा, म्हणजे मला दुसरं कोणी बघता येईल." गोड आवाजात म्हणाले, पण म्हणाले.

४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळभर गाडीखाली. सगळी मापं शेडच्या चौकटीवर उजव्या खांबावर पेन्सिलीनं मारली—टाकीचं तळ, चाकावरची कमान, फाळका पाडल्यावर हौद्याची उंची (जमिनीपासून ७९ सें.मी.). रिकामी गाडी आणि भरलेली गाडी, दोन्ही. कागदावरची मापं हरवतात, खांबावरची कुठं जातात?

माझी चपटी पेन्सिल कोणीतरी वापरतंय. टोक मोडून ठेवलंय, आणि टेपही मी गुंडाळतो तसा गुंडाळलेला नाही. घरात आम्ही दोघंच. हिला विचारलं तर म्हणाली, "यादी लिहायला घेतली असेल." चपट्या पेन्सिलीनं यादी!

जेवताना हिनं विचारलं, "मागचा फाळका किती वर येईल हो?" मी तिला समजावून सांगितलं की किट बसवल्यानं मागचा अॅक्सल वर जात नाही, तो चाकांच्या उंचीवरच राहतो, वर जातं ते त्याच्यावरचं सगळं. हे शंभरातल्या नव्वद जणांना माहीत नसतं. चांगली वीस मिनिटं समजावलं. वाटी उपडी घालून, चमचे लावून. तिनं ऐकून घेतलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

गॅरेज. मेस्त्री बोलायला पट्टीचा. "भाऊ, चार इंच टाका! विचार कसला करताय? गाडी अशी वाघासारखी उभी राहील!" मी विचारलं, चार इंच उचलल्यावर प्रोपेलर शाफ्टचा कोन किती वाढेल? डोकं खाजवलं. ब्रेकच्या नळ्या पुरतील का? पुन्हा डोकं खाजवलं. शेवटी म्हणाला, "तुम्ही कुठल्या कंपनीत होतात?"

कुठल्याच नाही! पेटी बनवायला कोणी शिकवलं नाही, माश्या सांभाळायला नाही, इंजिन उघडायलाही नाही. चुकलो, डंख खाल्ले, पुन्हा केलं. हे त्याला सांगितलं नाही. पण चहा त्यानं पाजला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

तीन किट समोर आहेत—

नुसते ठोकळे: पुढं स्प्रिंगवर, मागं स्प्रिंगच्या पाट्यांखाली. दोन इंच. स्वस्त, आणि स्वस्ताईसारखंच. पाटे जुनेच राहणार, भार टाकला की पुन्हा बसणार. बाद.

दोन इंची पूर्ण किट: नवे जाड पाटे, नव्या स्प्रिंगा, नवे शॉकअप.

चार इंची पूर्ण किट: वरचं सगळं, शिवाय लांब नळ्या, शाफ्टची जोडणी.

थोरलीचा फोन आला तेव्हा मी हेच मांडून बसलो होतो. म्हणाली, "बाबा, माझं नाव ठेवायलासुद्धा तुम्हाला एवढे दिवस लागले नव्हते!" मग आईला द्या म्हणाली. दोघी हळू आवाजात बराच वेळ बोलत होत्या. खांद्याचं काहीतरी. गेल्या हंगामात पेटी उतरवताना हिचा उजवा खांदा निखळला होता. आता बरा आहे. मी विचारतो, ती बरा आहे म्हणते.

फोन ठेवल्यावर पुन्हा तोच प्रश्न: "फाळका किती वर येईल?" म्हटलं, अगं, मूळ मुद्दा पोटाचा आहे, फाळक्याचा नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

चार इंच! ठरलं. सात सेंटीमीटर हवेत तर दहा घ्यावेत, तीन हाताशी राहतील. आणि खरं सांगायचं तर—इथं कोण वाचतंय—त्या उंचीवर गाडी रुबाबदार दिसते. लाकूडवाल्याची उभी असते तशी. बाजूनं गेलं की मान वर होते.

हिला सांगितलं. ती चटकन म्हणाली, "म्हणजे एकोणनव्वद." मी चाटच पडलो. एकोणऐंशी अधिक दहा, तोंडी! शाबासकी दिली. ती झाडू आणते म्हणून शेडमध्ये गेली, ती अर्ध्या तासानं आली. झाडू न घेता.

१६ फेब्रुवारी, सोमवार

शेड आवरली. कोपऱ्यात एका रिकाम्या मधपेटीत विटा भरलेल्या सापडल्या. नीट, एकीला एक लावून. मी ठेवल्या नाहीत. हिला विचारलं तर म्हणते, "असू द्या, दार उघडं ठेवायला बऱ्या." दार उघडं ठेवायला एक वीट पुरते!

२२ फेब्रुवारी, रविवार

पेट्या रंगवल्या. ऊन छान. माश्या जोमात आहेत, अकरा नंबरची पेटी तर दाराबाहेर माश्यांची दाढी सोडून बसलीय. दिवसभर हात पांढरे. ही गुणगुणत होती. असा दिवस महिन्यातून एक मिळाला तरी पुरे.

१ मार्च, रविवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

किटची मागणी नोंदवण्याआधी खात्री करावी म्हटलं. मी न तपासता काही घेत नाही. जॅक लावला, चारी चाकांखाली फळ्या रचल्या, गाडी बरोबर चार इंच वर घेतली. सुरेख दिसली. आता भरून बघू म्हणून पेटी हवी होती. हिनं ती विटांचीच पुढं केली. काट्यावर ठेवली तर एकतीस किलो! मधानं भरलेल्या पेटीएवढं, नेमकं. योगायोग बघा.

अठरा वर्षं पेट्या आम्ही दोघंच चढवतो. एका कडेला मी, दुसऱ्या कडेला ही. "हं" म्हणायचं आणि उचलायचं. पेटी सपाट राहिली पाहिजे. कलली की आतल्या पोळ्यांच्या चौकटी एकमेकींवर झुलतात, राणी चिरडते, आणि राणी गेली की पेटी गेली. अठरा वर्षांत आमच्या हातून एकही राणी गेलेली नाही.

"हं."

माझी बाजू हौद्यात टेकली. तिची टेकली नाही. दोन बोटं कमी. पेटी माझ्याकडून वर, तिच्याकडून खाली—विटा घरंगळल्या. ती म्हणाली, "एकदाच परत." परत तेच. तिनं डाव्या हातानं उजवा खांदा दाबून धरला. मी सहा फुटाला एक इंच कमी, ही पाच फूट एक. हे मला आज कळलं असं नाही. पण टाकी मोजली, कमान मोजली, शाफ्टचा कोन मोजला—आणि पेटीच्या दुसऱ्या कडेला कोण असतं ते मोजलंच नाही.

"अजून दोन आठवडे द्या," ती म्हणाली. म्हटलं, किट यायला तसेही दहा दिवस लागतात.

मग मी मूर्खासारखं बोललो. म्हटलं, हंगामापुरता एखादा माणूस ठेवू.

"ठेवा ना. आणि मी काय करू? फाटकाशी उभी राहून हात हलवू?"

विटा पेटीत परत भरल्या तिनं. एकेक. मला हात लावू दिला नाही.

२ मार्च, सोमवार

झोप लागली नाही म्हणून पहाटेच गणित पुन्हा मांडलं. आणि सापडलं! दहा सेंटीमीटर लागतातच कशाला?

आत्ता सोळा पेट्या टाकल्या की जुने पाटे साडेसहा सेंटीमीटर बसतात. दोन इंची किटचे जाड पाटे तेवढ्याच भाराखाली तीनच बसतील. म्हणजे किटचे पाच, आणि न बसण्यातून वाचलेले साडेतीन. साडेआठ! हवेत सात. दीड हाताशी. रिकाम्या गाडीचा फाळका ८४ वर. पहिली पेटीच काय ती तेवढी उंच चढवायची, मग भारानं गाडी उतरतच जाते.

चहाआधीच प्रत्येक चाकाखाली चाराऐवजी दोनच फळ्या ठेवल्या. हिला उठवून बाहेर आणलं, डोळे चोळत, अंगावर माझा स्वेटर. "हं." पेटी सपाट गेली! दोन्ही कडा एकदम टेकल्या, एकच आवाज आला. पुन्हा केलं. पुन्हा तसंच.

"चौऱ्याऐंशी," मी म्हटलं.

"जमतंय," ती म्हणाली. आश्चर्य तिला अजिबात वाटलं नाही. माझ्या गणितावर विश्वास असावा.

मेस्त्रीला फोन केला. "भाऊ, वाघाचं मांजर केलंत!" करू दे काय थट्टा करायची ती.

१४ मार्च, शनिवार

किट बसलं. मी गॅरेजमध्ये सकाळी आठपासून स्टुलावर. मेस्त्री म्हणाला, "घरी जा, नाहीतर पाना घ्या." पाना घेतला. मागच्या पाट्यांचे चारही नट मी आवळले. घरी येऊन मोजलं: फाळका ८४.१. एक मिलिमीटर जास्त. चाकात हवा जास्त होती. कमी केली. ८४.

हेडलाइट खाली वळवले, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जातात. हे मेस्त्री विसरला होता.

२१ मार्च, शनिवार

वर पोचलो! सोळा पेट्या, सोळा राण्या.

उजाडताना भरल्या. माश्या आत, दारांना जाळी. पहिल्या पेटीला मी श्वास रोखून होतो, ती नव्हती. सोळा वेळा "हं." शेवटची चढवून तिनं फाळका स्वतः लावला आणि साखळी अडकवली, जणू गाडी तिचीच.

खडकापाशी मी उतरलो, वाकून बघायला. सुकाणू हिच्या हातात. "येऊ का?" "ये. हळू. ये." पोटाखालून खडक गेला, माझं एक बोट आडवं जाईल एवढी जागा उरली. कुठं खरचटलं नाही. ती खिडकीतून ओरडली, "बसताय की चालत येताय?"

पेट्या उतरवल्या, जाळ्या काढल्या. माश्या बाहेर आल्या, दोन गिरक्या घेतल्या आणि सरळ कळ्यांकडे. बागेचे मालक म्हणाले, "पुढच्या वर्षी चोवीस आणता का?" मी हिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "आणू की." मला न विचारता!

येताना दोघांनी मिळून एक सफरचंद खाल्लं, गेल्या हंगामातलं, सुरकुतलेलं. गोड होतं.

२२ मार्च, रविवार

आराम. पाठ दुखते. माझी. तिची नाही.

२४ मार्च, मंगळवार

शेडच्या दाराची बिजागरी कुरकुरत होती म्हणून तेल घालायला दार पुरतं लोटून घेतलं. ते एरवी कायम भिंतीला टेकून उघडंच असतं. दाराच्या मागच्या बाजूला रेघा. माझ्या पेन्सिलीच्या, हिच्या अक्षरात. सगळ्यात खाली: १२ डिसेंबर, ५८. मग ६३, ६६, ७१—प्रत्येकीपुढं तारीख. ७९ ला दोन रेघा. २७ फेब्रुवारी, ८४. काल, ८६. आणि सगळ्यांच्या वर एकटी एक, ८९ वर. तारीख नाही, नुसतं लिहिलंय: यांचे चार इंच.

टेप लावून तपासलं. एकही रेघ चुकलेली नाही. पेन्सिलीला नीट टोक काढलं आणि विटांच्या पेटीवर ठेवून आलो.