मंत्र्यांची खोली

माझ्या आईस, लिम्बानीचा गुडघे टेकून नमस्कार.

मी मजेत आहे. खाण्याची काळजी करू नकोस, रोज मक्याच्या न्सिमाबरोबर चांबो मासा खातो. मासा खरं तर मंत्र्यांसाठी तळलेला असतो. आमच्या सरकारी रिसॉर्टमधली सरोवरासमोरची खोली त्यांच्यासाठी राखून ठेवलीय. ते आजवर आलेले नाहीत, तरी रोज चादर बदलायची, मासा तळायचा, असा वरून हुकूम आहे.

जन्मात एकदा सरोवर बघायचंय म्हणालीस, म्हणून ती खोली एका रात्रीसाठी मागायला राजधानीत फोन केला. साहेब हसले, "तुझी आई मंत्री कधी झाली रे?"

तुझा गुडघा कसा आहे? बरा असेल तर ये. माझ्या खोलीत चटई टाकीन. तिथून सरोवर दिसत नाही, मंत्र्यांची खोली आड येते. लाटा मात्र ऐकू येतात.

तुझा, नावापुरता मॅनेजर,
लिम्बानी