पॅसेजमधला वळसा

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (या वेळी खरोखरच साष्टांग. कंबर धरली आहे, त्यामुळे गादीवर पालथा पडून लिहितोय.) लेकीकडे करमतंय ना? गुडघा वाकायला लागला का? लागला असेल तर आनंद आहे, नसेल तर त्याहून जास्त आहे. का ते विचारू नकोस. आई मजेत. बाबा नेहमीसारखेच, म्हणजे दिवसभर बस चालवतात आणि घरी आल्यावर आम्हालाही मागे सरकायला सांगतात. मला तुझ्याकडून काहीही नको आहे. सहज आठवण आली म्हणून पत्र.

तुझ्या भाच्याचा वेग गेला हे पेपरातून कळलंच असेल. कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही. परवा मी टाकलेला चेंडू पोचेपर्यंत फलंदाजाने हेल्मेट सारखं केलं, नाक खाजवलं आणि मग सावकाश चौकार मारला. पूर्वी धावत यायचो तेव्हा मला मैदान दिसायचंच नाही. डोळे सताड उघडे, पण दिसायचा आपला पॅसेज: दोन्ही बाजूंना बंद दारं, टोकाला कधीच न चाललेली लिफ्ट (आपला स्टंप), आणि मध्यावर, खिडकीच्या उजेडात, शिलाई मशीनवर तू. या देशात आल्यावर आपल्याला खोल्याच अशा मिळाल्या, की मशीन आत ठेवलं असतं तर माणसांना बाहेर बसावं लागलं असतं. म्हणून तू बाहेर. लोकांच्या पँटी आखूड करताना तुझा एक पाय पायडलवर आणि दुसरा, न वाकणारा, पॅसेजमध्ये आडवा. लहानपणी मी तिथेच सुसाट सुटायचो, मशीनपाशी वळसा घ्यायचो, तुझ्या पायावरून उडी मारायचो, आणि जमिनीला टेकताच चेंडू हातातून गेलेला असायचा. मशीनची घरघर आणि माझी पावलं एका तालात. मला वाटतं मी तिथे गोलंदाजी करतच नव्हतो, स्वप्न बघत होतो. अधूनमधून चेंडू सुटायचा, इतकंच.

पुढे क्लबाने पगारी गोलंदाज म्हणून घेतलं, तरी मोकळ्या मैदानात मी तसाच यायचो. मध्येच वळसा, मध्येच उडी. समोरचा त्या उडीतच अर्धा बाद व्हायचा. जाणकारांनी त्यावर लेख लिहिले. कुणाकुणाला सांगणार, की बाबांनो, तिथे आमची आत्या बसलेली आहे?

मग आले नवे कोच. त्यांनी माझी धाव कॉम्प्युटरवर बघितली, कपाळाला हात लावला आणि मैदानात दोरी ताणून मला सरळ केलं. मी सरळ झालो आणि माझा वेग गेला. (सरळ माणसाचं जगात असंच होतं, असं आई म्हणते.) मी उपाय कमी केले नाहीत. आधी वाटेत कप्तानाची किटबॅग ठेवली. तो म्हणाला, उड्या मारायच्या तर स्वतःच्या बॅगेवरून मार. मग मैदानाची देखभाल करणाऱ्या काकांना हातापाया पडून स्टुलावर बसवलं, पाय आडवा ठेवायला सांगितला. पण काका ऐन वेळी पाय मागे घेतात. त्यांचं काही चुकत नाही. एवढा धटिंगण अंगावर धावून येतोय म्हटल्यावर कोण पाय ठेवील? पण मला हवेतच कळतं की खाली पाय नाही. तिथेच स्वप्न मोडतं, आणि गेल्या खेपेस कंबरही मोडली. तू कधीच पाय मागे घेतला नाहीस, आत्या. मान वर करून बघायचीसुद्धा नाहीस. आता स्टेडियमभर लोक माझ्याकडे बघतात, पण तुझ्या त्या न बघण्यात जो भरवसा होता, तो मला कुठेच सापडत नाही. फार आठवण येते.

येत्या रविवारी निवड समिती नेटमध्ये माझी गोलंदाजी बघणार आहे. त्यानंतर मला ठेवायचं की नारळ द्यायचा ते ठरेल. तू काळजी करू नकोस. तोवर कंबर सुटेल असं डॉक्टर म्हणतात. नाहीच जमलं तर बाबांच्या डेपोत चिकटेन; तिथे सरळ जाणारी माणसं लागतात.

तुझा भाचा,
वावटळ
(कोच हल्ली ‘झुळूक’ म्हणतात.)

ता. क. : रविवारी मोकळी आहेस का? नेटमध्ये पंच नसतो, तेव्हा वाटेत कोणी बसावं याला नियम नाही. कप्तानाला विचारून ठेवलंय. कोचना विचारलेलं नाही. मशीन उचलायला मी येतो. तू फक्त पाय आडवा ठेव.

पुन्हा ता. क. : शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून बाबा त्या दिवशी “मशीन हलव” म्हणाले आणि तू मशीनसकट गाव सोडलंस. तेव्हापासून त्यांनी तुझं नाव काढलेलं नाही. मीच सगळ्यांची समजूत घालेन, असं मनात होतं. पण त्याची गरज नसावी, असं वाटतं. खालचं वाच.

शेवटचा ता. क. : काल सकाळी बाबा कामावर निघाले तेव्हा आपलं दार उघडं होतं. पॅसेज रिकामा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाबा खिडकीपाशी पोचले, वळसा घातला, पाय जरासा उचलला आणि पुढे गेले. बस चालवणारा माणूस आहे, आत्या. रस्ता मोकळा आहे हे त्यांना दिसलं नसेल, असं नाही.