मानलेल्या मुलीचा रविवार

९ फेब्रुवारी

चि. खारोटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आणि आईचे फोटो पोचले. फोनवर तू कशी आहेस म्हणतेस, मी बरी आहे म्हणते आणि बोलणं संपतं. शेजारच्या खोलीत माणसं असली की मला पुढचं सुचत नाही. म्हणून हे पत्र. मी सांभाळते त्या आजी जेवून झोपल्या आहेत. उठल्या की काठी आपटतात. तोवरचा वेळ माझा.

आईची तब्येत बरी दिसते, पण तिचे केस कोणी कापले? तूच ना? एक बाजू वर, एक खाली. दुकानात गिऱ्हाइकांच्या बाह्या तरी सारख्या लावतेस ना, बाई?

आता मुद्द्याचं. इथल्या सरकारने नवा नियम काढला आहे. घरकामासाठी परदेशातून आलेल्यांचे परवाने यापुढे वाढवून मिळणार नाहीत, संपला की निघायचं. इथल्या लोकांची कामं आम्ही घेतो असं म्हणतात. घेतो का, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. आजींच्या मुलीने माझ्या जागी इथलं कोणी मिळेल का याची चौकशी केली, तर एजन्सी तासावर पैसे लावते आणि रात्री थांबायला कोणी तयार नाही. माझा परवाना मार्चअखेर संपतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकिणीचा डिसेंबरातच संपला. ती गेली नाही. त्याच घरात, तेच काम, निम्म्या पगारावर करते. तक्रार करायची तर कोणाकडे? आता ती जिन्यातसुद्धा दिसत नाही. रविवारी आम्ही काही जणी कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात जमायचो. परवा मी एकटीच होते. मालकाने बाकीच्या कुठे म्हणून विचारलं. मी म्हटलं, येतील.

आजींची मुलगी वकील आहे, समोरच्या इमारतीत राहते. मी त्यांना मनात वकीलबाई म्हणते. त्यांनी एक वाट काढली आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना नात्यातलं किंवा शपथेवर मानलेलं एक माणूस सोबतीला ठेवता येतं. तर मी आजींची मानलेली मुलगी व्हायचं. अडचण अशी की मुलीला पगार देता येत नाही. दिला की ते काम ठरतं आणि शपथ खोटी ठरते. वकीलबाई म्हणाल्या की तू घरचीच आहेस, हातखर्चाला देत जाईन, तुला काही कमी पडू देणार नाही. म्हणताना त्यांचे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं.

आजींवर माझा जीव नाही का? आहे. मग शपथ खोटी कशी? पण पगार बंद झाल्यावर मी दिवसभर जे करीन, त्याला काय म्हणायचं? रोजनिशीत दोन्ही बाजू लिहून पाहिल्या. दोन्ही खऱ्या वाटल्या. कामकरीण म्हणून परत यावं की मुलगी म्हणून राहावं, एवढंच ठरवायचं आहे. तू काय म्हणतेस? आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझ्या लेकीला गोड पापा. आमची आठवण काढत जा.
तुझी
ताई

२८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग कपाळावर हात मारला. तू कॉलेजात होतीस तेव्हापासून अशीच. भाजीवाल्याने एक लिंबू जास्त टाकलं तर ते परत करायला अर्ध्या रस्त्यातून मागे जायचीस. ग्रंथालयातली नोकरी गेली तेव्हाही कपाटाच्या किल्ल्या परत करायला तीनदा खेटे घातलेस, आणि घ्यायला तिथे कोणी नव्हतं. अगं, सही करून टाक. कुणाला आई म्हटल्याने अंगाला भोकं पडत नाहीत.

आता इथलं ऐक. आईला सांभाळायला ठेवलेल्या मावशीने दर रविवारी सुट्टी मागितली आहे. मी म्हटलं, आम्ही तुला घरच्यासारखं वागवतो, बरोबर जेवायला बसवतो, कधी हिडीसफिडीस केलं नाही, मग हे काय नवीन? तर म्हणते, माझंही घर आहे, तिथे आठवड्यातून एकदा तरी तोंड दाखवायला नको का. बघ, तोंड फुटलंय तिला. मी अजून हो-नाही काही बोलले नाही.

तू परत यायचं म्हणत असशील तर ये, पण आयत्या वेळी सांगू नकोस. तुझ्या खोलीत मावशीची गादी आहे, आईचं सामान आहे, माझं जुनं मशीन आहे. ते सगळं हलवायला ह्यांना वेळ लागतो. तुला ठाऊकच आहे, एक खुर्ची हलवायची तर आधी चहा लागतो. आणि खरं सांगू? तुझे पैसे थांबले तर मावशीला ठेवता येणार नाही. मग दुकानाला कुलूप लावून मीच आईजवळ बसायचं. हे मी दडपण आणायला लिहीत नाही. (आणायलाच लिहितेय. तुझ्यापासून काय लपणार?)

ह्यांचा नमस्कार. लोभ आहेच, तो दुणावू दे.
तुझी
खारोटी

६ मे

चि. खारोटीस,
अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. मी मुलगी झाले. कचेरीत आजींनी आणि मी हात वर करून शपथ घेतली. आजींचा हात लवकर खाली आला म्हणून तिथल्या बाईने पुन्हा घ्यायला लावली, एवढाच गोंधळ.

मग घर तपासायला माणूस येणार होता. वकीलबाईंनी आदल्या दिवशी तालीम घेतली. बेल वाजली तरी मी उठायचं नाही. टेबलाशी बसायचं आणि आधी स्वतःच्या ताटात वाढून घ्यायचं. इस्त्रीच्या खोलीतली माझी कॉट काढून मला पाहुण्यांच्या खोलीत हलवलं. आजींना आई म्हणायचं होतं, ते काही केल्या जिभेवर येईना. आजी म्हणाल्या, तुला हवी ती हाक मार, मला तसंही कमीच ऐकू येतं.

तो तरुण होता, सभ्य होता. बेल वाजली तेव्हा मी हात मांड्यांखाली दाबून बसले होते. त्याने आजींना विचारलं की ही तुमची कोण. आजी म्हणाल्या, मुलगी. वर म्हणाल्या, फार गुणी आहे, कधी काही मागत नाही. त्याला ते आवडलं असावं. जाताना त्याने माझ्याशी हात मिळवला. आम्ही पास झालो.

मी त्याच खोलीत राहावं असा वकीलबाईंचा आग्रह आहे. खोली मोठी आहे, ऊन येतं. पण तिला कडी नाही आणि वकीलबाईंची मुलं केव्हाही आत येतात. मी मावशी झाले ना त्यांची, नात्यातली की कामावरची? त्यांनाही ठरवता आलेलं नाही. इस्त्रीच्या खोलीचं दार ती मुलं आधी वाजवायची.

पहिल्याच रविवारी मी बूट घालत होते. वकीलबाई आल्या, म्हणाल्या, कुठे निघालीस? मी म्हटलं, आज रविवार. त्या हसल्या, म्हणाल्या, आता कसला रविवार, आता तू घरीच आहेस. त्यांना बाहेर जायचं होतं. मी बूट काढले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. नव्हतंच. नातेवाइकांना रविवार नसतो, हे मलाच आधी सुचायला हवं होतं.

पहिल्या महिन्यात हातखर्चाचं पाकीट न मागता आलं, फुलांचं चित्र असलेलं. दुसऱ्यात त्या विसरल्या. मी चार दिवस वाट पाहून मागितलं. त्यांनी कपाळावर हात मारून लगेच दिलं, थोडं कमी होतं, आणि मी त्यांचे आभार मानले. पगार घेताना मी कधी आभार मानले नव्हते. सही करायचे. जिना उतरताना हे लक्षात आलं आणि मी तिथेच थांबले.

आईचे पाय सुजतात का अजून? कळव.
आहे ती माया जपून ठेव.
ताई

२५ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या वेळचे पैसे उशिरा आले आणि कमीही. तू लिहिलंस म्हणून कारण कळलं, नाहीतर वाटलं असतं ताईने तिकडे कुणी गाठला. चेष्टा करतेय गं. वाचून जीव तुटला. पण जीव तुटून दुकानाचं भाडं निघत नाही.

मावशीला या महिन्यात पूर्ण पैसे देता आले नाहीत. घरचीच आहेस, थोडं सांभाळून घे म्हटलं. तिने मान हलवली. रविवारचं पुन्हा बोलली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं. मी लिहितेय ते तू कसं वाचशील ते मला कळतंय. पण मी तरी काय करू, तूच सांग.

आई आता मावशीलाच तुझ्या नावाने हाक मारते. पहिल्यांदा मी दुरुस्त करायची. आता मावशी ओ देते, आई शांत होते. पायांची सूज उतरली आहे.

वकीलबाईंकडे मोकळेपणाने माग. तुझी जीभ झिजत नाही. आम्हां सर्वांवर पाखर असू दे.
खारोटी

२० जून

चि. खारोटीस,
अ. उ. आ.

तुझ्यावर रागावले नाही. रागवायला आधी मी त्यातून वेगळी असायला हवी, मावशीचे पैसे माझ्यामुळेच अडले.

मी मागितलं. ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम आणि रविवार. वकीलबाईंनी बसवून घेतलं, चहा स्वतः केला. म्हणाल्या, ठरावीक दिलं की तो पगार झाला, उघडकीस आलं तर तू कायमची बाहेर आणि माझी सनद धोक्यात. तुला कधी नाही म्हटलंय का, लागेल तेव्हा माग. सगळं खरं होतं. तेव्हाच ठरलं माझं. साबण संपला की मागायचं, तुला पत्र टाकायचं तर तिकिटाला मागायचं. काम तेच करते, पण आता मी कामाची नाही, त्यांच्या चांगुलपणाची झाले आहे.

मी जाणार हे आजींना आधी सांगितलं, मोठ्याने, दोनदा. त्यांनी विचारलं, जेवणानंतर जाणार की आधी. मी म्हटलं, आज नाही, जुलैत. मग म्हणाल्या, बरं, मग आज केस धू. धुतले. पुसताना त्यांनी माझा हात धरून ठेवला, पाणी मानेवरून खाली गेलं तरी सोडला नाही.

कचेरीत नातं मोडल्याचं कारण लिहावं लागतं. मी खरं सांगायला गेले होते, की मी इथे नोकरीला होते. खिडकीतला कारकून म्हातारा होता. त्याने पेन खाली ठेवलं आणि हळूच सांगितलं की तसं लिहिलंत तर तुम्हाला पुन्हा या देशात पाय ठेवता येणार नाही, त्यांनाही दंड होईल. घरातल्या माणसांची भांडणं होतात, ते कारण चालतं. मी अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला. मागचा माणूस पुटपुटायला लागला. शेवटी मी भांडण लिहिलं. या घरात मी कधी रागाने आवाजसुद्धा चढवला नाही, खारोटी. आणि शपथेपासून निघेपर्यंत जे काम केलं, ते कुठेच लिहिलेलं नाही.

जुलैच्या अठराला निघते. तिकडे काहीतरी काम शोधीन. मावशीचे राहिलेले पैसे माझ्याकडून द्यायचे, तेवढे बाजूला ठेवले आहेत.

भेटीअंती बोलू. तोवर मनात ठेव.
ताई

३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू येतेस! आईला सांगितलं. ती म्हणाली, येऊ दे, मी कुठे अडवलंय. ह्यांनी चहा न घेता मशीन हलवलं, यावरून काय ते समज.

खोली रिकामी केली आहे. मावशीला जूनच्या तीस तारखेपासून सुट्टी दिली. म्हटलं, ताईच येतेय, आता घरचं माणूस आहे आईजवळ, बाहेरचं कशाला. तिने गादी गुंडाळून नेली. सगळी चिंता मिटली बघ. तू आईपाशी राहशील, मी दुकान बघीन, तुला काय हवं-नको ते बघायला आम्ही आहोतच. तुला काही कमी पडू देणार नाही. परक्यांच्या घरी खूप राबलीस, आता घरी निवांत राहा.

वाट बघतोय सगळे. लवकर ये, बाकी तोंडी.
खारोटी

१० जुलै

चि. खारोटीस,
अ. उ. आ.

हे पत्र माझ्या आधी पोचावं म्हणून जलद टपालाने टाकते आहे.

मावशीला परत बोलाव. तिचं घर कुठे आहे ते तुला माहीत आहे का? नसेल तर शोधून ठेव, मी आल्यावर दोघी जाऊ. पगार ठरवून द्यायचा, रविवार ठरवून द्यायचा. त्यासाठी मी बाहेर काम करीन, मिळेल ते. खोलीत तिची गादी राहू दे, माझी बाहेरच्या खोलीत टाक. आईचं करायला मला कंटाळा नाही, हे तुला लिहावं लागतंय याचंच वाईट वाटतं. करीन, माझ्या पाळीला मी करीन आणि तुझ्या पाळीला तू.

आपल्याच आईपासून एक दिवस मागणारी मी कोण, हे स्वतःला विचारलं. तरी मागते आहे. तू चांगली आहेस, म्हणून तर आल्यावर मागायचा धीर होणार नाही, आत्ताच लिहून टाकते.

रविवारी मी घरात नसेन. कुठे असेन ते अजून मला माहीत नाही. तिकडे आता माझ्या ओळखीचं फारसं कोणी उरलेलं नाही. पण बूट घालीन आणि बाहेर पडेन.

राग आला तर येऊ दे, पण त्याच्याखाली लोभ असू दे.
तुझी
ताई